हरेश्वर मेस्त्रींनी खाडी मारली नाही

हरेश्वर मेस्त्रींवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, दुपारी, कारखान्यांचा जेवणाचा भोंगा होऊन गेल्यावर लगेच. वेळ इतकी नेमकी सांगते, कारण पुढे ती पुष्कळांना आठवेनाशी झाली. त्या दुपारी खाडीच्या काठावर जे उभे होते त्यांतला एक म्हणतो मी जाळं सांधत होतो, दुसरा म्हणतो मला ताप होता, तिसरा म्हणतो कोण आलं, कोण गेलं, मला काय ठाऊक. सगळे तिथेच होते. माझी आईपण होती. तिनेच मला नावं सांगितली.

त्या दुपारी सरकारी कागदावर असं उतरलं की बोईसरच्या एका गॅरेजवाल्याने जळकं ऑइल सोडून खाडीतले मासे मारले. तो गॅरेजवाला म्हणजे हरेश्वर मेस्त्री. माणूस आमच्याच गावचा. आमचं गाव घिवली-दांडीच्या पट्ट्यात, किनाऱ्याला. गावाचं नाव लिहीत नाही. ज्यांना लाज वाटायला हवी त्यांना ते माहीत आहे.

मी पत्रकं लिहिते. कारखान्यांच्या पाण्यावर, रस्त्यावर, पाण्याच्या टँकरवर. मेस्त्रींवरही एक लिहिलं होतं. गावभर वाटलं आणि दुसऱ्या दिवशी बाजारात त्यातच सुकट बांधून मिळाली. पत्रकात आरोप मावतो, माणूस मावत नाही. म्हणून आता माणूस सांगते. ज्यांनी त्याला विकला त्यांनी निदान काय विकलं ते वाचावं.

मेस्त्रींचं गॅरेज बोईसरला, औद्योगिक वसाहतीच्या कडेला, नाल्यालगतच्या गाळ्यांच्या रांगेत शेवटचं. पाटी नव्हती. काम एकच, जुन्या डिझेल गाड्या ट्यून करायचं. दोन-तीन मालक पाहिलेल्या, मीटरचा काटा केव्हाच मेलेल्या, शोरूमवाल्यांनी ‘आता विकून टाका’ म्हणून परत पाठवलेल्या गाड्या तिथे यायच्या. नवी गाडी आली तर मेस्त्री बॉनेटसुद्धा उघडायचे नाहीत. “हिला काय झालंय? हिच्या मालकाला झालंय,” असं म्हणून वाटेला लावायचे.

उंच माणूस, पण गाड्यांवर वाकून वाकून मानेपासून पुढे झुकलेला. उन्हाळ्यातसुद्धा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि मनगटाची बटणं लावलेली. तोंड फाटकं. गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ म्हणणं त्यांच्या जिभेला जमलंच नाही. “काय मारून आणलीस हिला?” हाच नमस्कार. आधी ते आमच्याच गावच्या होडीवर इंजिनावर होते. पाठीला लागलं म्हणून दर्या सोडून बोईसरला आले, पण बोलणं होडीवरचंच राहिलं. समोरचा पाच हातांवर असला तरी आवाज पलीकडच्या होडीला ऐकू जाईल इतका.

इंजिन चालू असताना आवाज करायचा नाही, हा त्यांच्या गॅरेजचा एकच नियम. मोबाइल वाजला तर मालकालाच बाहेर काढायचे. मग चहा मागवायचा आणि तो स्टीलचा पेला पिण्याआधी इंजिनाच्या डोक्यावर, झाकणावर ठेवायचा. इंजिन मंद चालत असायचं आणि मेस्त्री चहाकडे बघत बसायचे. चहावर गोल रेघा उमटल्या तर ठीक. चहा एका बाजूला उडी घेत असेल तर एखादा सिलिंडर काम करत नाही असं समजायचं. मग पाना घेऊन ते डिझेलच्या बारीक पाइपांचे नट एकेक करून जरासे सैल करायचे. सैल केला आणि इंजिन अडखळलं, तर तो सिलिंडर जिवंत. सैल करूनही इंजिनाला काही फरकच पडला नाही, तर मेलेला तोच. सापडला की “हां, हा झोपलाय,” असं म्हणून तो डिझेलच्या वासाचा, निवलेला चहा एका घोटात संपवायचे. मी एकदा म्हटलं, “मेस्त्रीकाका, दुसरा मागवा, हा गार झाला.” तर म्हणाले, “यानं काम केलंय. टाकू कसा?”

टॅपेट, म्हणजे झडपांची फट, सेट करताना कंपनीचा आकडा ते मानायचे नाहीत. माझ्यादेखत एका गिऱ्हाइकाने मोबाइलवर आकडा काढून दाखवला होता. मेस्त्री म्हणाले, “हा ती जल्मली तेवाचा. आता तिला नातवंडं झाली. म्हातारीला पोरगी करायची नाय. म्हातारीला म्हातारीसारखी चालवायची.” 

आणि सगळं झालं तरी गाडी द्यायचे नाहीत. आधी मालकाला चालवायला बसवायचे आणि स्वतः शेजारी. गाडी रोज ज्या रस्त्याने जाते त्याच रस्त्याने, रोजचं ओझं घालून. वीटभट्टीची असेल तर विटा घालून, मासळीची असेल तर टोपल्या घालून. रिकामी गाडी ट्यून करून काय उपयोग, रिकामी ती कधी असते? गिऱ्हाइकं वैतागायची. कुणी म्हणायचं माझा दिवस मोडतो. मेस्त्री पट्टा लावून बसलेले असायचे. उतरवायची कुणाची टाप नव्हती.

या हट्टापायी त्यांचं हसंही झालं, तेही सांगते. देव करून ठेवायचा नाही मला कुणाला. माकुणसारचा एक वाडीवाला त्याची जुनी गाडी घेऊन आला. वांगी, मिरच्या पालघरच्या बाजारात नेणारी. गाडी काळा धूर ओकायची, चढाला मान टाकायची. मेस्त्रींनी नोझल काढून साफ केले, पंप बघितला, फिल्टर बदलले, टॅपेट दोनदा सेट केले. धूर तसाच. दिवसामागून दिवस चालले. मेस्त्री सगळ्यांवर खेकसत होते, डिझेल भेसळीचं आहे म्हणून पंपवाल्याच्या आईबापांपर्यंत पोचले. शेवटी नेहमीप्रमाणे मिरच्यांच्या गोण्या घालून माकुणसारपर्यंत गेले. अंगणात गाडी उभी करून दोघे बॉनेट उघडून बघत होते. वाडीवाल्याची बायको पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली, “ह्या नळीला उंदरानं खाल्लंय, ते तसंच ठेवायचं असतंय का?”

हवेची नळी होती. मागच्या बाजूने, वळणात कुरतडलेली.

असं घडलं तर दुसरा कुणी गप्प बसला असता. मेस्त्री महिनाभर येईल त्याला हे सांगत होते. “मी इंजन फाडत होतो आणि बाय पाणी द्यायला आली ती सांगून गेली!” आणि एवढं मोठ्याने हसायचे की रांगेतले बाकीचे गाळेवाले बाहेर येऊन बघायचे. त्यानंतर कुठलीही गाडी आली की आधी नळ्या. हात घालून, मागपर्यंत.

आता रघ्याची जीप. रघ्या आमच्या गावचा, गाव ते बोईसर शेअरिंगची जीप चालवतो. ही जीप म्हणजे गावाचा श्वास आहे. सकाळी मासळीवाल्या तिच्यातून बाजारात जातात, पोरं कॉलेजला जातात, बाळंतीण तिच्यातूनच दवाखान्यात जाते. तिचं इंजिन रघ्याच्या वयाचं असेल. ते चालतंय ते मेस्त्रींमुळे, हे गावात शेंबडं पोरही सांगेल. म्हणजे सांगायचं. आता नाही सांगत.

रघ्याला एकदा हौस आली. माणसं जास्त भरायची तर गाडीला जोर हवा. तो गॅरेजला आला तेव्हा मी तिथेच होते, बाजारातून परतणाऱ्या आईला घ्यायला.

“मेस्त्री, पंपाचं डिझेल वाढवून दे जरा.”

“किती माणसं घालतोस?”

“बसतील तेवडी.”

“मग माणसं कमी कर. पंप कशाला वाढवतोस?”

“अरे सगले वाढवतात. तो यूपीवाला देतो करून, पाच मिन्टात. स्क्रू फिरवला की झालं.”

“जा मग त्याच्याकडं. तो स्क्रू फिरवील, तू गाडी फिरव, आनि मागं बसलेल्या बायकांची तोंडं काली झाली की माज्याकडं येऊ नको.”

रघ्या गेला. स्क्रू फिरवून घेतला. जीप पळायला लागली खरी, पण मागून काळा लोट. आठवड्याच्या आत माझी आई आणि तिच्याबरोबरच्या मासळीवाल्या भर रस्त्यात जीप थांबवून उतरल्या. आईने टोपलीवरचं पांढरं फडकं काढून रघ्याच्या नाकासमोर धरलं. काजळीने काळं झालेलं.

“हे बग मेल्या. पापलेट नेतेय का कोळसा? गिऱ्हाइक मला इचारतं, बाय, भाजूनच आणलेत काय?”

“काकी, जोर तर बग ना गाडीचा!”

“जोर तुज्या बापाला दाखव. वळव गाडी. मेस्त्रीकडं वळव, नायतर आमी चालत जातो आनि तुजं नाव सांगत जातो.”

गाडी वळली. मेस्त्रींनी रघ्याला एक शब्द बोलू दिला नाही. पंप पहिल्या जागेवर आणला आणि स्क्रूवर नखांना लावायच्या लाल रंगाचा एक ठिपका दिला. नंतर कुणी स्क्रूला हात लावला तर तो ठिपका तडकतो. आईला म्हणाले, “वैनी, रोज गाडीत बसायच्या आधी हा ठिपका बगायचा.” तेव्हापासून आमच्या गावच्या मासळीवाल्या जीपचं बॉनेट उघडायला लावून ठिपका बघायच्या आणि मगच बसायच्या. रघ्या लाजेने मेला. पण धूर थांबला.

हा माणूस धुराने माणसाचं तोंड काळं होऊ नये म्हणून भांडायचा, हे आधी नीट लक्षात घ्या. मग पुढचं वाचा.

गॅरेज म्हटलं की जळकं ऑइल निघणारच. त्या रांगेतले बाकीचे त्याचं काय करायचे, ते रांगेमागचा नाला बघून कळतं. मेस्त्री थेंब सांडू द्यायचे नाहीत. प्लास्टिकच्या डब्यांत भरून ठेवायचे आणि ते डबे आमच्या गावच्या होडीवाल्यांना फुकट द्यायचे. होडीच्या लाकडाला बाहेरून काळं तेल चोपडलं की कीड लागत नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. पावसाळ्यात होड्या काठावर ओढलेल्या असतात, सीझनच्या आधी त्यांना तेल लागतं. रघ्याच्या जीपच्या टपावरून डबे गावात जायचे. होडीवाले डबे परत करत नाहीत, त्यात पाणी भरून ठेवतात, म्हणून मेस्त्रींनी प्रत्येक डब्यावर पांढऱ्या रंगाने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: ‘हरेश्वर मेस्त्री, बोईसर. परत आणणे.’

मी त्यांच्याशी यावरून भांडलेही होते. होडीला लावलेलं तेल शेवटी पाण्यातच उतरतं, हे बरोबर नाही, कायद्यानेही नाही. ते मला पत्रकवाली म्हणायचे. म्हणाले, “मग कीड काय तुज्या पत्रकानं मरंल? वाचून दाखव तिला.” नंतर जरा वेळाने, पाना पुसत, “दुसरं काय लावता येतं ते शोधून आण. मी देतो ते.” माझं शोधणं चालू होतं. होड्यांना काळं तेल लावणं चूक आहे, हे मी आजही म्हणते. पण त्या चुकीचं नाव वेगळं आणि मासे मारण्याचं नाव वेगळं.

मासे मेले ते नारळी पौर्णिमेच्या तीन-चार दिवस आधी. खाडीचं पाणी सकाळी चहासारखं झालं होतं. वास औषधाचा, घशात बसणारा. बोईट पोट वर करून तरंगत होती. एरवी चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या आडव्या. चिंबोऱ्या पाण्यातून निघून काठावर चढत होत्या, आणि चिंबोरी पाणी सोडून वर आली म्हणजे पाण्यात काय असेल ते आमच्याकडच्या लहान पोरालाही कळतं. पाण्यात पाय घातलेल्या बायकांचे पाय चुरचुरले. ऑइल असतं तर पाण्यावर तवंग दिसला असता, इंद्रधनुष्यासारखा. तवंगाचा पत्ता नव्हता. ते पाणी वरच्या अंगाने, कारखान्यांकडून आलं होतं. कुठल्या, ते मला सिद्ध करता येत नाही, म्हणून लिहीत नाही. मी माझ्या बाजूने एवढी खबरदारी घेते. ती मेस्त्रींच्या बाबतीत कुणी घेतली नाही.

तक्रारी झाल्या, फोन झाले. तेव्हा कुठे पौर्णिमेच्या आदल्या दुपारी प्रदूषण खात्याचे साहेब आले. तोपर्यंत भरती-ओहोटीने पाणी धुऊन निघालं होतं. काठावर मेलेली मासळी होती आणि ओढून ठेवलेल्या होड्या होत्या. होड्यांना तेल लावणं चाललेलं. शेजारी डबे. साहेबांनी डब्यावरचं नाव वाचलं.

पुढचं आईने सांगितलं तसं सांगते.

साहेब म्हणाले, “हा हरेश्वर मेस्त्री कोण?”

माझा सख्खा काका, गजाकाका, ज्याची होडी सगळ्यांत पुढे होती, तो म्हणाला, “बोईसरला गॅरेज हाय त्याचं. नाल्यावर.”

“नाला इथेच येतो ना?”

“येतो.”

“हे डबे इथे कसे?”

साहेब हुशार. म्हणाले, “होडीवाल्यांनी आणले असतील तर मला तसं लिहावं लागेल. मग होड्यांचे परवाने थांबतील. चौकशी होईपर्यंत. उद्या तुमची पौर्णिमा ना?”

आई म्हणते, इतकं शांत झालं की होडीवरून तेल टपकताना ऐकू येत होतं. दोन महिने बंद असलेला धंदा दुसऱ्या दिवशी सुरू व्हायचा होता. बर्फ भरलेला, डिझेल भरलेलं. गजाकाकाच्या हाताला काळं तेल लागलेलं होतं. त्याने तो हात पाठीमागे नेला आणि म्हणाला, “नाल्यातून वाहत आले असतील, साहेब.”

डबे. नाल्यातून. भरलेले, झाकण लावलेले, वाहत. आणि होड्यांच्या शेजारी एका ओळीत येऊन थांबले.

पंच म्हणून गजाकाकानेच सही केली. हात पुसून.

मी तेव्हा गॅरेजवर होते. रघ्याची जीप ट्यूनिंगला आलेली. दुसऱ्या दिवशी गावाला वर्दळ, म्हणून आदल्या दिवशी बघून घे म्हणून. इंजिन चालू, चहाचा पेला झाकणावर, मेस्त्रींनी दुसऱ्या सिलिंडरच्या पाइपाचा नट सैल केलेला. तेवढ्यात खाडीवरून निघालेल्या दोन गाड्या येऊन थांबल्या. साहेब, त्यांची माणसं, एक शिपाई. साहेबांनी कागद वाचला. गॅरेज सील. गाडी बंद करा, बाहेर काढा, सगळे बाहेर व्हा.

मेस्त्रींना काही कळलं नाही. खरं म्हणजे त्यांनी ऐकलंच नव्हतं, ते इंजिन ऐकत होते. मी हात धरून सांगितलं तेव्हा त्यांनी रघ्याला इंजिन बंद करायला लावलं आणि साहेबांना म्हणाले, “दोन मिन्टं. नट आवळतो.”

“काही आवळायचं नाही. हात लावू नका. गाडी काढा.”

“अवो साहेब, नट ढिला हाय. असाच रस्त्यावर गेला तर डिझेल उडंल. खाली तापलेलं लोखंड हाय. पेट घेईल गाडी. बायका बसतात हिच्यात.”

“मी काय म्हणतोय ते समजतं का तुम्हाला?”

“तुमी काय म्हंता ते मागनं ऐकतो,” म्हणून मेस्त्री बॉनेटखाली वाकले. शिपायाने दंड धरला. मेस्त्रींनी तो झटकला. त्यांच्या हातात सतरा नंबरचा पाना होता. पुन्हा धरला, पुन्हा झटकला. नट आवळून झाला तेव्हाच ते वर आले. रघ्याला म्हणाले, “जा आता. चढाला दुसऱ्यात घे.”

कागदावर हे असं आलं: आरोपी लोखंडी हत्यार घेऊन अंगावर आला, सरकारी कामात अडथळा आणला.

रघ्या गाडी घेऊन गेला. घट्ट नटाची गाडी घेऊन सुखरूप गावात पोचला. नंतर त्याला विचारलं, जबाब देशील का? म्हणाला, “मी स्टिअरिंगवर होतो ग. बॉनेट वर होतं. मला समोरचं काय दिसणार?”

दुसऱ्या दिवशी मेस्त्री नारळ घेऊन गावात आले. दरवर्षी यायचे. होड्या सजलेल्या, ताशा वाजत होता. ते आले तसे लोक बाजूला झाले. ताशेवाले वाजवत राहिले, पण माणसं आपसांत बोलायची थांबली. मेस्त्री सरळ गजाकाकाकडे गेले. दोघे एका होडीवर वाढलेले, तोंडात ‘तू’ शिवाय शब्द नाही.

गजाकाका आधीच बोलला. “हरेश, समजून घे तू. तुजं गॅरेज आज ना उद्या उगडंल. आमचा सीजन गेला की गेला.”

“गॅरेजचं कोण बोलतंय?”

“मग?”

“मी खाडी मारली असं लिवलंय त्यात. खाडी. माजी आय ह्या खाडीत निवट्या पकडून आमाला जेवू घालायची. आनि खाली सही तुजी.”

“मी काय वाचून केली का सही?”

“नाव तरी वाचता येतं ना तुला? डब्यावरचं वाचतोस तसं?”

गजाकाका चिडला. चिडण्यासारखं काहीतरी मिळाल्याचं त्याला बरंच वाटलं असावं. म्हणाला, “तुला कोनी सांगितलं होतं डब्यावर नाव टाकायला? मोठा दाता!”

मेस्त्रींनी नारळ पाण्यात सोडला आणि चालत बोईसरला गेले. रघ्याची जीप तिथेच उभी होती. ते बसले नाहीत, त्याने बोलावलं नाही.

आता गॅरेजला सील आहे. मेस्त्री एका गोदामावर पहारा करतात. बाकीच्या गाळ्यांतून नाल्यात ऑइल जातं ते जातंच आहे, आणि वरून येणारं पाणी येतंच आहे. मधे एकदा ते पुन्हा चहाच्या रंगाचं झालं होतं. तेव्हा मेस्त्रींचं गॅरेज बंद होतं. कुणी तो कागद काढून बघितला नाही. गावात मात्र एक नवीन बोलणं रूढ झालंय. माझ्या चुलतभावाच्या पोरांच्या तोंडी मी ते ऐकलं, “तो खाडीवाला मेस्त्री.” पोरं पाच-सहा वर्षांची आहेत. त्यांना तो माणूस असाच माहीत होणार.

वकील म्हणतात, एक होडीवाला उभा राहिला आणि डबे आम्ही आणले, तेल होडीला लावायला, एवढं बोलला, की मासे मारल्याचा आरोप टिकत नाही. एक पुरे. मी घरोघरी गेले. गजाकाकाने मला जेवायला वाढलं, बोंबलाचं कालवण, आणि म्हणाला, “पोरी, तू लग्नाचं बग आता.” आई त्याच्याशी बोलत नाही. पण आईचं नाव होडीच्या कागदावर नाही, तिचा किंवा माझा शब्द तिथे पुरत नाही, डबे नेणाराच हवा.

मी मेस्त्रींना शेवटचं पाहिलं ते पालघरला, मागच्या तारखेला. साक्षीला कुणी आलं नाही म्हणून पुढची तारीख पडली होती. मेस्त्री कोर्टाच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला माझ्याजवळ उभे होते. पांढरा शर्ट, मनगटाची बटणं लावलेली. तेवढ्यात रघ्याची जीप आली. गजाकाका पुढे बसलेला, होडीच्या परवान्याच्या कामाला आलेला. रघ्याने गाडी उभी केली, पण इंजिन बंद केलं नाही, केलं तर पुन्हा चालू होईल याची खात्री नव्हती. इंजिन अडखळत होतं. एकदा, दोनदा, मग ढेकर दिल्यासारखा काळा धूर. मला इंजिनातलं काही कळत नाही, मलाही ते ऐकू आलं.

रघ्या खाली उतरला. मेस्त्रींकडे बघेना, बॉनेटकडे बघून बोलला. “कवापासून मिसिंग मारतेय. कोणालाच सापडत नाय.”

मेस्त्रींनी मनगटाचं बटण नीट केलं.

मग गजाकाका आतूनच म्हणाला, जसं काही मधे काहीच झालेलं नाही, “हरेश, बग की जरा. तुला नुसतं ऐकून कळंल.”

मेस्त्रींनी जीपकडे बघितलं. परक्या गावच्या गाडीकडे बघावं तसं. इंजिन धडधडत होतं, बॉनेटचा पत्रा थरथरत होता. मग ते म्हणाले, नेहमीच्या मोठ्या आवाजात नाही, मी शेजारी होते म्हणून मला कळलं, इतक्या हळू:

“मला ऐकू येत नाय आता.”

आणि एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागले. वाकलेली मान, हात मोकळे. एकदाही मागे वळले नाहीत. जीप तशीच अडखळत उभी होती.

पुढची तारीख होळीनंतरची आहे. तुम्ही आमच्या पट्ट्यातले असाल, तुमची होडी गेल्या पावसात काठावर असेल आणि तिला ते काळं तेल लागलं असेल, तर तुमच्याकडून मला सह्या नकोत, निषेध नको, पत्रक वाचून मान हलवणं नको. परवाना थांबेल? थांबू दे. एक सीझन जाईल, तुम्ही जगाल. पालघरला या. आत जाऊन उभे राहा आणि मोठ्याने सांगा, तेल आम्ही नेलं. मेस्त्रींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगा.